दिनकरचा सावित्रीचा बेत

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात तंबूच्या खुंट्या निवडत होतो. त्यानेच दोन दिवसांपूर्वी यादी धाडली होती. आता काय म्हणायचं या माणसाला... जाताजाताही मला बाजाराला पिटाळून गेला.

दिनकर म्हणजे दिघीच्या धक्क्यावर तरीची, म्हणजे फेरीबोटीची, तिकिटं फाडून निवृत्त झालेला माझा शाळासोबती. सहा वर्षांपूर्वी त्याने बेत काढला : महाडच्या खाली सावित्रीत रबरी बोट सोडायची, प्रवाहाबरोबर वाहत जायचं, एक मुक्काम काठावर तंबूत, दुसऱ्या दिवशी खाडी. बेत साधा, पण दिनकर साधा नव्हता. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची ही धक्क्यावरची जुनी रीत, आणि हा पंचांग मांडीवर घेऊन तेच करत बसायचा. ओहोटी सोयीची मिळाली की नदीला पाणी नसे, पाणी असलं की ओहोटी भलत्याच वेळी. दोन्ही जुळलंच तर म्हणे, "मुक्कामाची जागा पक्की न्हाय अजून."

"अरे, वाळूत झोपू!"

"मगरी हायत तिथं. वळकटीसकट नेतील तुला."

"मग वर, दरडीवर."

"बघतो."

हे 'बघतो' मी सहा वर्षं ऐकलं. दिवाळी झाली की पिशवी भरायची, होळी झाली की रिकामी करायची. शेवटच्या भेटीत मी चिडून म्हटलं, "सत्तरी आली आपली. तू बस पंचांग घेऊन!" तो हसून चहा ओतत राहिला. मला त्याचा खरंच राग आला होता.

परवा वहिनींना भेटायला गेलो. "तुमची सहल राहिली," त्या म्हणाल्या.

"त्यानेच ठेवली," मी तुटकपणे म्हटलं.

"असं नका म्हणू, भाऊजी. दरसाल काठाकाठानं चालत जाऊन यायचे. नदीकडून उभी दरड हवी, म्हंजे मगर वर न्हाय येणार, आन बाजूनं सोपी वाट हवी, तुमच्या गुडघ्याला. यंदा गावली जागा. किती खूश व्हते... मला म्हणाले, 'त्याला सांगू नको, गुडघ्याचं काढलं की रुसतो.'"

रुसतो मी, खरं आहे. गुडघ्याचं नाव काढलेलं मला खपत नाही. पण दिनकर, गाढवा, एकदा विचारायचंस तरी. रांगत चढलो असतो रे.