आबा ‘नको’ म्हणाले तेव्हा

मिहीर, सई,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे दिवा लावतानाही मी या एका गोष्टीबाबत गप्पच राहत आले. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, ठाऊक आहे मला. पण जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे त्या भाषेत माझी वाक्यं फार इस्त्री केलेली येतात. या गोष्टीला इस्त्री नको. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा — त्यानेही हे वाचायलाच हवं.

नेटवर्कपासून सुरुवात करते. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आबांना पक्षाघात झाल्यानंतरचे रविवार तुम्हाला आठवत असतील. मी त्यांचा भांग पाडून, स्वच्छ सदरा घालून त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचे. लुळा पडलेला उजवा हात शालीखाली झाकायचे आणि मग तुम्हाला व्हिडिओ कॉल लावायचे. सई, तू नवीन नाच करून दाखवायचीस. मिहीर, तू कुत्र्याला उचलून कॅमेऱ्यासमोर धरायचास. आणि ऐन रंगात आलं असताना कॉल तुटायचा. मग माझा मेसेज यायचा, ‘नेटवर्क गेलं बघा.’ तुम्ही हसायचात. नाशिकला आपल्या गंगापूर रोडवर माकडं वायर ओढतात का, असं मिहीरने एकदा विचारलं होतं.

नेटवर्क कधीच गेलेलं नव्हतं. आबांचा खालचा ओठ थरथरायला लागला की मी लाल बटण दाबायचे. तुम्हाला दिसू नये म्हणून? तसं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे, माझ्या घरात माणूस रडतो आहे हे कुणालाच दिसायला नको होतं.

पण कबूल करायचं ते हे नाही. पाहताय ना, कशी आडवळणाने चालले आहे?

आबा किती बोलायचे हे तुम्ही लहानपणी ऐकलेलं आहे. मखमलाबादच्या मळ्यातली गुलाब-झेंडूची फुलं घेऊन ते फुलबाजारात जायचे ते विकायला कमी आणि बोलायला जास्त. मळा भावाकडे सोपवल्यावरही रोज सकाळी बाजारात चक्कर असायचीच. त्या माणसाजवळ आजारानंतर तीन-चार शब्द उरले. हो. चला. अगं. नको. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत यायचा नाही. मग मीच त्यांची जीभ झाले. भेटायला येणारे त्यांच्याकडे बघायचे आणि विचारायचे मला, “काय म्हणतात?” मी सांगायचे. आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. हे नीट लक्षात ठेवा — मला त्यांचं म्हणणं कळत होतं. नजरेवरून, हाताच्या हालचालीवरून, श्वासावरूनसुद्धा. कळलं नाही, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आणि काय टापटीप ठेवली होती मी! औषधांच्या डब्या वारांप्रमाणे लावलेल्या, व्यायामाची वेळ ठरलेली, अंथरुणावर सुरकुती नाही. तुमची मखमलाबादची आत्याआजी एकदा म्हणाली होती, “वहिनी, तुमच्या घरात देव बी टायमावर उठत असंल.” सगळे हसले, आणि मी मनातून सुखावले. जाताना दारात चपला घालत ती हळूच म्हणाली, “पण दादा लय गप राहतो हो. त्याच्या मनात काय हाय, इचारलं का?” मी म्हटलं, “अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही.” तिने खाऊ आणलेली वाटी तिला परत दिली आणि दार लावलं.

काही महिने गेले. ते जेवणावरून हात काढून घेऊ लागले. व्यायाम करवणारी मुलगी आली की डोळे मिटून पडायचे. दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड. मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. इस्पितळात असताना त्यांच्या छातीत कफ झाला होता, म्हणून रक्तातली सूज दाखवणारी सीआरपी नावाची चाचणी तेव्हापासून मधूनमधून होत होती. कफ कधीच बरा झाला होता. संसर्ग कुठेच सापडत नव्हता. तरी तो आकडा खाली येईना.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायचे. म्हणाले, “काकू, पक्षाघातानंतर काही जणांमध्ये रक्तातली ही सूज आणि मनाचं खचणं, दोन्ही बरोबर दिसतं. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही. कारणं इतरही असतात. म्हणून मला काकांनाच विचारायला हवं. मन खचलं असेल तर त्यावर उपचार आहेत.”

आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी आबांनाच विचारलं, “काका, मनाला कसं वाटतं?”

कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला न विचारता त्यांना विचारलं होतं. आबांनी डावा हात उचलला. छातीवर ठेवला. म्हणाले, “नको.” आबांनी तोच हात स्वतःवरून फिरवला — चेहरा, लुळा हात, पाय — आणि पुन्हा म्हणाले, “नको. अगं... नको.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हणताहेत?”

मला कळलं होतं. तुम्हालाही आता कळलंच असेल ना? खोलीतल्या कुणालाही कळावं इतकं ते स्पष्ट होतं. त्यांना असं जगणं नको होतं. आणि ते सांगायला त्यांच्याजवळ होता नव्हता तेवढा एकच शब्द त्यांनी वापरला होता.

मी म्हणाले, “दुधी नको म्हणताहेत. मिसळ बंद केलीय ना मी, म्हणून रुसलेत.”

डॉक्टर मोठ्याने हसले. “नाशिककराची मिसळ तोडलीत, काकू, मग सूज येणारच की!” त्यांच्या मदतनीस बाईही हसल्या. मीही हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी तो डावा हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला — एखादी वस्तू जागच्या जागी ठेवावी तसा.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, झोप कशी आहे, रडतात का, कशात रस घेतात का? मी सगळ्याची उत्तरं दिली. झोप छान. रडत नाहीत. नातवंडांचा कॉल आला की खूश असतात. दातांमुळेही हा आकडा वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी दातांची तपासणी करून घ्यायला सांगितलं आणि चाचणी पुन्हा करू म्हणाले.

का केलं असं? कारण सांगते, पण त्याला सबब समजू नका. माझ्याइतकी कुणी काळजी घेत नाही असं सगळं गाव म्हणत होतं — आणि ज्याची काळजी घेत होते तो म्हणत होता, नको. ते मोठ्याने उच्चारलं असतं तर माझ्या डब्या, माझं वेळापत्रक, माझी कडक इस्त्रीची चादर, कशाला काय किंमत उरली असती? एक वाक्य खरं बोलायचं होतं. त्या वाक्यानंतर त्यांना उपचार मिळणार होते. हे त्याच खोलीत, थोड्या वेळापूर्वी माझ्या कानांनी मी ऐकलं होतं.

पुढे तो आकडा खाली आला. दाताचा उपचार झाला होता, त्यानेही आला असेल. मी शिरा केला. तुम्हाला रिपोर्टचा फोटो पाठवला — ‘आबांचं रक्त अगदी नॉर्मल!’ तुम्ही फुगे आणि फुलं पाठवलीत. आबा तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. शिरा तसाच राहिला. पण माझ्याकडे आता कागद होता ना! कुणी विचारलं तर मी कागदावर बोट ठेवायचे.

त्यानंतर ते मला काही सांगायचा प्रयत्न करेनासे झाले. नजरेनेसुद्धा नाही. ‘चला’ म्हटलं की चालायचे, घास दिला की तोंड उघडायचे. लोक म्हणायचे, किती शांत झालेत. मी म्हणायचे, हो, समाधानी आहेत.

ते गेल्यावर मी तुम्हाला लिहिलं होतं, ‘आबा शेवटपर्यंत आनंदात होते.’ ते वाक्य खोटं आहे.

आता शेवटचं.

ते जाण्याच्या थोडं आधी त्यांच्या बोलण्याचा सराव घ्यायला एक नवीन बाई घरी यायला लागल्या. ज्यांना बोलता येत नाही त्यांचं मन जाणून घ्यायला त्यांच्याकडे एक साधा तक्ता होता. त्यावर नुसते चेहरे — रडका, उदास, गप्प, बरा, हसरा. मी शेजारीच उभी होते. बाई म्हणाल्या, “काका, आज आतून कसं वाटतंय, त्यावर बोट ठेवा बरं. आजींना नका विचारू हं!” 

यावेळी शब्द लागत नव्हता. जीभ लागत नव्हती. मी लागत नव्हते.

आबांचं डावं बोट रडक्या चेहऱ्यावर गेलं. तिथे टेकलं. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी पाहिलं. ते बोट तक्त्यावरून हळूहळू सरकत गेलं, आणि हसऱ्या चेहऱ्यावर थांबलं.

बाई म्हणाल्या, “अरे वा!” आबा अजून माझ्याकडेच बघत होते — उत्तर बरोबर आलं का, म्हणून वर्गात मुलं बाईंकडे बघतात ना, तसे.

मी मान डोलावली.

— तुमची आजी