न्हायच्या पुढचा बाण

निपाणीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या सिद्राम मास्तरांना पोरं माघारी ‘व्हय-न्हाय मास्तर’ म्हणत, आणि मास्तरांना त्याचा राग नव्हता. चौऱ्याऐंशी साली बेळगावला शिक्षकांचं पंधरा दिवसांचं कॉम्प्युटरचं प्रशिक्षण झालं. कॉम्प्युटर काही आला नाही, त्याचा फोटो दाखवून बोळवण झाली. पण कुठलंही काम लहान लहान प्रश्नांत फोडायचं, ही युक्ती मास्तर तिथून घेऊन आले.

मग फळ्यावर चौकटी आल्या. निळा लिटमस लाल झाला का? व्हय, तर आम्ल. न्हाय, तर बाण खाली, पुढचा प्रश्न. मास्तरांचा दंडक एकच होता: न्हायच्या पुढं बाण काढल्याशिवाय खडू खाली ठेवायचा नाही. घोकून घोकून कंटाळलेली पोरं चौकटींवर तुटून पडली. सगळ्यांत पुढे बाळगोंडा पाटलांची चंदना. दहावी पास झाली तर कॉलेज, नाहीतर लग्न, असं बापानं तिला आधीच बजावलं होतं.

विज्ञानाचा पेपर देऊन ती हसतच बाहेर आली. द्रावण कसं ओळखाल, या पाच मार्कांच्या प्रश्नाला तिनं चौकटी-बाणांचा अख्खा तक्ता काढला होता, एकही वाक्य न लिहिता. वाक्यं नाहीत तर मार्क नाहीत, हे दरवर्षी पेपर तपासायला जाणाऱ्या मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. वर्गात तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. शिकवण्याच्या नादात परीक्षा विसरणारा मास्तर विरळाच, आणि तो नेमका या पोरीच्या वाट्याला आला.

चंदना विज्ञानात चार मार्कांनी गेली. मास्तर स्वतः तिच्या घरी गेले. तक्ता बरोबरच होता, चूक माझी आहे, तिची नाही, असं ते बराच वेळ समजावत राहिले. बाळगोंडांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“मास्तर, पोरगी पास झाली का? व्हय का न्हाय, येवढंच सांगा.”

“न्हाय,” मास्तर म्हणाले. ऑक्टोबरात पुन्हा बसता येतं, हेही त्यांनी घाईघाईनं सांगितलं. पण चिकोडीच्या पाहुण्यांना आदल्या दिवशीच होकार गेला होता.

मास्तर चपला घालत होते, तेव्हा चंदना दाराशी आली. ती रडत नव्हती.

“सर, न्हायच्या पुढं बाण पायजेच म्हणलासा न्हवं? माझा कुठं हाय?”

बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मास्तरांना आपल्या विद्यार्थिनीकडे बघवेना.