नीलाबाईची शिंक

आज शिंक यायलाच पाहिजे होती, आणि मेली येत नव्हती! नीलाबाई माजघरातून परसात, परसातून माजघरात नुसत्या येरझारा घालत होती. पुढे ओसरीवर सासरे मन्मथप्पा पाहुण्यांशी बोलत बसलेले. घटकाभरात सुपारी फुटणार आणि तिची गिरजा, अजून चिंचोके खेळणारी पोर, एका बिजवराच्या गळ्यात बांधली जाणार. बिजवर निजाम सरकारच्या तहसिलीत पेशकार, म्हणून मन्मथप्पा हुरळले होते. त्याच्या थोरल्या लेकाला मिशा फुटल्यात, हे काय त्यांना दिसत नव्हतं? नवरा सिद्धलिंग तर बापापुढं ब्र काढणारा नव्हता.

परळीतल्या या घरात शिंकेचा दरारा मोठा. कुणी बाहेर निघताना ही शिंकली की सासरे जोडा काढून परत बसत, पाणी पीत आणि ओरडत, "झाली का हिची सुरू!" पुढच्या अंगाला किराण्याचं दुकान, मिरची-हळदीची पोती. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी हिचं नाक गळायचं, डोळे चुरचुरायचे, शिंकांवर शिंका. सासूनं बाहेरची बाधा म्हणून लोबानाची धुरी दिली. त्या धुरीनं तर बाईचा जीव जायची पाळी आली.

मग तिनं स्वतःच पाळत ठेवली. माहेरी लिंबागणेशला नाक कोरडं ठणठणीत. सासरी जुनी घोंगडी पांघरली की धारा. अस्सं होय! घोंगडी धनगराला देऊन टाकली. गोधड्या कडक उन्हात पडू लागल्या. झाडायच्या आधी पाण्याचा शिपका, पोती हलवताना नाकाला पदर, सकाळी कोमट मिठाच्या पाण्यानं नाक धुणं, निजताना नाकाला तुपाचं बोट. शिंका पार गेल्या नाहीत, पण आटोक्यात आल्या. म्हणून तर आज सासऱ्यांनी तिला नेहमीसारखं शेजारी न पिटाळता घरात राहू दिलं.

आणि आता? सवयीनं सकाळीच नाक धुऊन बसलेली! तिनं रिकामं पोतं नाकाशी धरून झटकलं. नाकात चुणचुण झाली, डोळे भरले, तोंड उघडं राहिलं... गेली. मिरचीत तोंड घातलं तर नुसता ठसका.

"आई, रडतीस कावून?" गिरजानं विचारलं.

"न्हाई गं माझे बाय, शिंक येईना."

ओसरीवर अडकित्त्याचा आवाज झाला. पदर सावरून नीलाबाई थेट बाहेर आली.

"थांबा! गिरजीला या घरी द्यायची न्हाई."

मन्मथप्पा लालबुंद झाले. "लाज हाय का न्हाई? आत हो!"

आजवर या ओसरीवर तिचा शब्द कुणी ऐकला नव्हता.

"मामंजी, मी आता शिंकले असते तर सुपारी थांबवली असती का न्हाई?"

मन्मथप्पांचा हात सवयीनं पाण्याच्या तांब्याकडे गेला.

"मग शिंकले समजा."

पाहुण्यांतल्या म्हाताऱ्यानं अडकित्ता तबकात ठेवला आणि खाली वाकून आपला जोडा शोधायला लागला.