वळवायला उरलेलं मांजर

‘कुत्र्या-मांजरासारखे भांडतात’ असं तुम्हीही सहज म्हणत असाल. पण कुत्रा मांजरामागे का धावतो, हे कधी विचारलंत का?

आमच्या माणदेशातल्या घरात पुस्तक नव्हतं. बाजारात वाटलेली पत्रकं वडील पटक्यात खोचून आणायचे, त्यांवर मी वाचायला शिकले. जन्माने कुणी कुणाचा वैरी नसतो, हे त्यांत माणसांविषयी लिहिलेलं असे. जनावरांविषयी ते मला दुष्काळात कळलं.

चारा संपला, मेंढरं विकली. राहिला फक्त ती राखणारा, वळवणारा कुत्रा. त्याला घेऊन आम्ही तासगावजवळ मावशीकडे आलो. तिच्या ज्वारीच्या कणगीजवळ एक मांजर असायचं. धान्य उंदरांपासून तेच राखायचं. कुत्र्याने पहिल्याच दिवशी त्याला अंगणभर पळवलं. मावशीचे यजमान, आमचे काका, वाईट नव्हते, पण स्पष्ट बोलले. “पावणं, मांजराला दात लागला तर ह्ये कुत्रं हितं ऱ्हायचं न्हाई.”

मावशीने काठी आणून दिली. वडिलांनी ती भिंतीला टेकवून ठेवली.

“खायाला न्हाई धावत त्यो,” ते म्हणाले. “पळंल त्याला वळवायचं, एवढंच त्याला ठावं हाय.”

विकत आणलेलं कोकरू कुत्र्याच्या ओळखीचं करायची त्यांची जी रीत होती, तीच त्यांनी इथे लावली. कुत्रा झोपायचा त्या घोंगडीचा तुकडा मांजराखाली अंथरला, मांजराचं पोतं कुत्र्याखाली, एकमेकांचा वास ओळखीचा व्हावा म्हणून. मांजराची माळ्यावर चढायची वाट मोकळी ठेवली. मग कुत्र्याला दोरीने जवळ धरून ते उंबऱ्याबाहेर बसत. मांजर आत, मावशीच्या मांडीवर. कुत्रा रोखून बघत राही तोवर काही नाही. त्याने आपणहून तोंड फिरवलं की भाकरीचा तुकडा. ओरडा नाही, मार नाही. तो तुकडा वडिलांच्याच ताटातला असे.

हळूहळू मांजर पळेनासं झालं. न पळणाऱ्याला वळवायचं काय? दोरी सुटली. थंडीत दोघं एकाच घोंगडीवर झोपू लागली.

पत्रक असतं तर इथेच संपलं असतं, ठळक अक्षरांत. पण दिवस मावळताना, मेंढरं आत घ्यायच्या वेळेला, कुत्र्याचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. मांजर बाहेर दिसलं की तो लांबून वळसा घालून त्याच्यामागे यायचा, न भुंकता त्याला घराकडे आणायचा, आणि ते आत शिरलं की उंबऱ्याशी आडवा पडायचा.

“आमच्या मांजराला मेंढका गावला की गड्या,” काका म्हणाले. सगळे हसले. वडिलांनी तोंड फिरवलं. त्यांच्या हातावर तुकडा ठेवायला कुणी नव्हतं.

वडील मजुरीवर खडी फोडायला जाऊ लागले. पुन्हा मेंढरं घेणं जमलं नाही. कुत्रा तिथेच म्हातारा झाला, तिथेच गेला. त्या दिवशी संध्याकाळी मांजर कुंपणाजवळ बसून राहिलं. वडील उठले. लांबून वळसा घालून त्याच्यामागे गेले आणि त्याला घरात घेऊन आले.

तुमच्या दारात कुत्रं मांजरामागे धावलं, तर जन्माचं वैर म्हणून मोकळे होऊ नका. त्याचं कुठलं काम हिरावलं गेलंय, ते आधी विचारा. मांजराची वर जायची वाट मोकळी ठेवा. आणि कुत्र्याने तोंड फिरवलं, की काठी बाजूला ठेवून त्याला भाकरीचा तुकडा द्या.