दुपारची गॅसबत्ती

आमच्या ह्यांचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. फळीवर पितळी टाक्या, दोरीला टांगलेल्या काचा, आणि रॉकेलचा वास तर माझ्या केसांतसुद्धा. हवा भरून पेटवायच्या जुन्या गॅसबत्त्या दुरुस्त करणारं आता दुसरं कोणी उरलं नाही. पंपाचं वाळलेलं चामडं तेलात भिजत घालायचं, पिनेनं तोटी साफ करायची, ही कामं कोणीही करील. खरी मेख सूर लावण्यात. तोटीच्या वर हवेसाठी फट असते. ती केसभर इकडेतिकडे झाली की बत्ती फुरफुरते. जमली की नुसतं संथ ‘सूंऽऽ’. हे काम कानांचं.

गेल्या थंडीपासून ह्यांनी नवीनच काढलं होतं. जेवणं झाली की म्हणायचे, “ये गं, बस जरा समोर.”

“मी काय शोभेची बाहुली आहे?” असं मी म्हणायचे, पण बसायचे. आतून गुदगुल्या व्हायच्या, खोटं कशाला बोलू! या वयात नवऱ्याला आपल्यावाचून करमेना, हे काय थोडं झालं? भरदुपारी पेटलेली ती बत्ती, आणि तो आवाज. सूर लागला की माझे डोळे जड व्हायचे. खुर्ची जमिनीपासून अलगद सुटायची, भिंती विरघळायच्या, त्या पांढऱ्या उजेडातून माझी आई चालत यायची आणि शेजारी बसायची. जाग यायची तेव्हा बत्ती विझवून, पुसून ठेवलेली असायची.

मग एकदा नावाड्यानं धक्क्यावरची बत्ती आणली. अंधार पडायच्या आत ती हवीच होती. ती दिसल्याशिवाय पलीकडून शेवटची नाव सुटत नाही. नेमकी त्याच दिवशी माझी दाढ ठणकत होती. झोप कसली, ब्रह्मांड आठवत होतं.

बत्ती पेटली. सूरही छान लागला. पण हे थांबेनात. फट कमी कर, जास्त कर, आणि सारखं माझ्या तोंडाकडे बघ. शेवटी बत्ती खोकायला लागली.

“अहो, मघाशी लागली होती की! चांगली बिघडवताय कशाला?”

“लागली होती?” ते दचकले. “मग तू झोपली कशी नाहीस?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“बारीक आवाज गेले गं,” ते म्हणाले. “बोललेलं कळतं, बत्तीचं नाही कळत. तुझी मान कलली की मी हात थांबवायचो.” मग खाली बघत म्हणाले, “नावाड्याला सांगतो, जमत नाही. उद्यापासून दुकान बंद.”

असा संताप आला! म्हणजे मी बायको नव्हते, माप होते माप! पण त्यांनी पाना पेटीत ठेवायला घेतला, आणि काम अर्धवट सोडून हत्यार ठेवताना मी त्यांना आजवर कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, दाढ गेली खड्ड्यात. खुर्ची पुढे ओढली.

“फिरवा. आणखी. अहो, हळू म्हटलं ना! हां... बस्स.”

बत्ती शांत झाली. ते उजेडाकडे बघत राहिले.

“कसा आहे गं आवाज?”

जन्मभर ऐकलेला आवाज, पण सांगायचा कसा? “तुम्हाला गाढ झोप लागली की श्वास चालतो ना,” मी म्हटलं, “तसा.”

“म्हणजे घोरण्यासारखा?”

“घोरण्याच्या आधीचा हो!”

ते हसले. तेवढ्यात नावाडी दारात आला. “झाली का हो?”

ह्यांनी त्याच्यादेखत माझ्याकडे वळून विचारलं, “काय गं, देऊ?”

“द्या,” मी म्हटलं, आणि त्या परक्या माणसासमोर मला रडूच फुटलं.