सुस्त सेलांची चाल

ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. रत्नागिरीत मांडवीकडे सायकलने उतरताना ब्रेक लागेना, आणि ओरडायच्या जागी माझ्या तोंडून चक्क चाल निघाली! शब्द आमच्या बुवांचे. ते जाखडी नाचाचे शाहीर, मी त्यांच्या पेटीवर. गणपतीत आम्ही घरोघर नाचायचो ते सिनेमाच्या उसन्या चालींवर. त्या वर्षी मीच छाती ठोकून सांगितलं होतं, यंदा चाल माझी. पडली तर पुन्हा पेटीला हात लावणार नाही.

घरी पोचलो आणि अक्कल सुचली. असली धावती चाल बरी दिसते का? मी संगीताच्या दोन परीक्षा दिलेला माणूस! मग तिला संथ केली, जागोजाग मुरक्या घातल्या आणि बुवांना ऐकवली. ते नुसतं "हूं" म्हणाले. खरं तर गाताना मलाच जांभई यायची, पण त्याला मी भारदस्तपणा म्हणत होतो.

आमचे निम्मे नाचे मुंबईला कामाला. तालमीला एखादाच दिवस मिळणार, म्हणून चाल कॅसेटवर भरून आधीच धाडली. टेपरेकॉर्डरचे सेल मरायला टेकलेत, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

गणपतीच्या आदल्या दिवशी मंडळी आली, अंगणात रिंगण धरलं आणि माझ्या भारदस्त चालीवर भिंगरीसारखी सुटली!

"अरे हळू, हळू!" मी ओरडलो.

"क्यासेटीत व्हती तशीच नाचताव आमी!" चुलतभाऊ नाचता नाचताच म्हणाला.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. सुस्त सेलांवर टेप रडतखडत भरली गेली होती. मुंबईच्या धडधाकट मशीनवर ती सुसाट पळाली. तोंड कुठे लपवू असं झालं मला. पण पेटीमागे माझेच पाय ठेका धरून बसलेले! अंगावर काटा आला, हसू आवरेना. ही तर उतारावरची चाल, मी घरी नेऊन गाडलेली! मुरक्या गेल्या खड्ड्यात म्हटलं आणि बोटं पळवली.

नाच थांबला. बुवांनी उपरण्याने घाम पुसला.

"हीच ठेव. पण मला ऐकवलीस ती कोणाची होती रे?"

"एका भित्र्या माणसाची," मी म्हटलं.

सायकलचे ब्रेक मी पुढे कित्येक वर्षं दुरुस्त केले नाहीत.