जैनबचाचीच्या अडलेल्या गोष्टी

जैनबचाची शिवता शिवता गोष्ट सांगायची आणि ऐन रंगात आलेली गोष्ट मध्येच थांबवायची. तिने मशीनच्या चाकावर तळहात ठेवला की आम्हाला कळायचं, आता ही पुढे सांगणार नाही. "इथं अडलं बग," ती म्हणायची. "राजाला सून कशी पायजे, मला काय ठावं? जा, तुज्या आज्जीला इचारून ये." आम्ही धावत सुटायचो.

प्रवरेकडे उतरणारी आमची कोल्हारची गल्ली. चाचीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात ती एकटीच. गल्लीतल्या पोरींचे परकर आणि बायकांची झंपरं तीच शिवायची. शाळा सुटली की आम्ही सहा-सात जणी तिच्या ओसरीवर असायचोच.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्याच नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचं एक कुटुंब गल्लीत राहायला आलं. वडिलांना उसाच्या मळ्यात काम मिळालं होतं. त्यांची हिरा माझ्याच वयाची, नऊ वर्षांची. पहिल्याच दिवशी मी तिला 'दुष्काळी' म्हटलं. ते नाव मी ठेवलं, हे लिहिताना आजही जड जातं. दोन दिवसांत सगळ्या जणी तिला तशीच हाक मारू लागल्या. हिरा आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसून राहायची. कुणाशी बोलेना, धड जेवेना. विहिरीवर तिची आई माझ्या आईला म्हणाली, "माघारी आज्जीकडं धाडावी म्हनते. पर तितं तरी खायाला काय हाय?" चाची शेजारीच कळशी भरत होती.

ती मला रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एका गाईची गोष्ट काढली. गाय वाट चुकते, चालत चालत नदीकाठच्या गावात येते. इथवर आली आणि तिने चाकावर हात ठेवला.

"गाय कर्जतची हाय. तिकडची गाय कशी असती, मला न्हाई ठावं. शालन, त्या पोरीला इचारून ये."

"मी नाही जाणार."

"मग ऱ्हाऊ दे. गोष्ट बी ऱ्हाऊ दे." आणि ती सुईत दोरा ओवू लागली.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी उठले. हिरासमोर उभी राहून, खाली मान घालून विचारलं. तिने उंबऱ्यावरची माती नखाने उकरली. मग म्हणाली, "तांबडी. आमची तांबडी हाय. जनावरांच्या छावनीत सोडून आलो तिला."

मी धावत परत आले. चाचीने गोष्ट पुढे नेली. गाय तांबडी, डौलदार, दोन्ही शिंगं अगदी सारखी. तेवढ्यात पायरीपाशी आवाज आला.

"तशी न्हाई ती. तिचं एक शिंग वाकडं हाय."

हिरा माझ्या मागोमाग आली होती. चाचीने कापड बाजूला सारून जागा केली. "मंग माजं चुकलं. वर ये, नीट सांग."

त्या दिवशी पुढची गोष्ट हिरानेच सांगितली. घरी जाताना मी तिला म्हटलं, "ते नाव मी ठेवलं होतं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. थोडं चालून तिने विचारलं, "उद्या पान्याला येशील का?"

त्यानंतर आम्ही पाण्याला रोज बरोबरच गेलो. पुढे एकदा मी चाचीला विचारलं, "तेव्हा मला रागावली का नाहीस?"

"रागावले असते तर तू माफी मागून घरी गेली असतीस," ती म्हणाली. "मग तिच्याशी खेळलं कोन असतं?"

पुढच्या साली पाऊसपाणी बरं झालं आणि हिराचे आईवडील गावी परतायला निघाले. चाचीने हिराला परकर शिवला. खाली चांगला चार बोटं कापडाचा दाब आत दुमडून ठेवला होता. "दोन सालं वाढली तरी पुरंल," तिने हिराच्या आईला उलगडून दाखवलं. एसटी सुटली तशी मला रडू आवरेना. सगळ्यांसमोर रडताना माझीच मला लाज वाटत होती.

"येऊ दे रडू," चाची मला म्हणाली. "ती आली तवा तुजी कोन हुती?"

एसटी पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत ती माझा हात धरून उभी होती.